असिसीचा थांबा आणि डोंगरातले मठ

प्रति,
संपादक,
वाचकांचा पत्रव्यवहार

महोदय,

युरोप सहलींच्या जाहिरातींत इटलीतल्या रोम ते फ्लोरेन्सच्या वाटेवर ‘असिसी दर्शन’ हे दोन शब्द हमखास असतात. प्रत्यक्षात होते ते असे: बस तटबंदीखाली थांबते, मंडळी चढ चढून संत फ्रान्सिसची बॅसिलिका म्हणजे मोठे चर्च पाहतात, गळ्यात घालायचा लाकडी ‘ताव’ (इंग्रजी टी अक्षरासारखा क्रूस) विकत घेतात आणि अडीच-तीन तासांत पुन्हा बसमध्ये. बॅसिलिका पाहावीच. पण तिचे बांधकाम सुरू झाले 1228 मध्ये, म्हणजे फ्रान्सिस्कन संघाचे संस्थापक संत फ्रान्सिस जाऊन दोन वर्षे झाल्यावर. ते राहिले, झोपले, आजारी पडले, ती ठिकाणे गावाबाहेर डोंगरात आहेत. 2026 हे त्यांच्या मृत्यूचे 800वे वर्ष. वसईच्या धर्मग्रामांतून आणि इतरत्रही तिकडे जाण्याचे बेत होत असतील, त्यांच्यासाठी हे पत्र.

आधी एक नेहमीचा घोटाळा. गोव्यात ज्यांचे शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर, जेझुइट, सोळाव्या शतकातले. असिसीचे फ्रान्सिस त्यांच्या तीनशे वर्षे आधीचे. झेवियरांचे शव असलेल्या जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चच्या समोर, रस्त्यापलीकडे असिसीकरांच्या नावाचे चर्च आहे आणि बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यांवर पडका मठ दिसतो, तोही त्यांच्याच संघाचा.

असिसीचे रेल्वे स्टेशन गावात नाही, खाली सांता मारिया देल्यी आंजेलीला आहे. या मोठ्या चर्चच्या पोटात पोर्त्सिउंकोला हे चिमुकले देऊळ आहे. त्याच्या शेजारीच 3 ऑक्टोबर 1226 च्या संध्याकाळी संत फ्रान्सिसनी देह ठेवला. स्टेशनपासून ते चालत पंधरा मिनिटांवर, तेव्हा ते आधी उरकून मग बसने वर जावे. सान दामियानो या जुन्या मठात जायचे तर पोर्ता नुओवा या वेशीतून ऑलिव्हच्या बागांतून उतरत वीस मिनिटे लागतात. परतीला तोच चढ असतो, हे गुडघेदुखीवाल्यांनी लक्षात ठेवावे. फ्रान्सिसच्या शिष्या संत क्लेअर इथेच राहिल्या. फ्रान्सिसशी बोललेला म्हणून प्रसिद्ध असलेला क्रूस मात्र आता इथे नाही. इथे दिसते ती प्रतिकृती, मूळ क्रूस वर गावात सांता कियाराच्या चर्चमध्ये आहे.

एरेमो देल्ले कार्चेरी हा मठ सुबासियो डोंगरावर, गावापासून 4 किलोमीटर आणि सुमारे 790 मीटर उंचीवर. ‘कार्चेरी’ म्हणजे तुरुंग, पण इथे कोणी कैदी नव्हते. एकांतात कोंडून घ्यायची जागा म्हणून हे नाव पडले. पायी वर जायला सवा ते दीड तास लागतो. न चालणाऱ्यांनी टॅक्सी करावी आणि परतीची वेळ चालकाशी तिथेच ठरवून घ्यावी. आतल्या वाटा एकेरी, दारे इतकी बुटकी आणि अरुंद की वाकून, अंग तिरके करून जावे लागते. पाठीवरची सॅक अडकतेच. ती पुढे धरावी किंवा बाहेर कोणाकडे तरी द्यावी. चाळीस माणसे एकदम आत शिरली की पुढचा मागे येऊ शकत नाही, मागचा ढकलत राहतो आणि शांततेसाठी प्रसिद्ध असलेल्या जागी गोंगाट होतो. दहा-दहाचे गट करणे एवढाच त्यावर उपाय आहे.

खरा वेळ द्यावा तो रिएतीच्या खोऱ्याला, आणि नेमके तेच सहलींतून वगळले जाते. रोमहून सालारिया रस्त्याने हे शहर साधारण 80 किलोमीटरवर. रेल्वेने यायचे तर तेर्नीला गाडी बदलावी लागते. शहराभोवती फ्रान्सिस्कनांची चार ठिकाणे आहेत. गाडी हाताशी असेल तर चारही एका दिवसात होतात, पण क्रम चुकला की दोनच पदरात पडतात, कारण अशी ठिकाणे दुपारी बाराच्या सुमारास बंद होतात आणि तीनच्या आसपास उघडतात. सकाळी नैर्ऋत्येचे फोन्ते कोलोम्बो, मग ग्रेच्चो, जेवण, त्यानंतर उत्तरेकडचे ला फोरेस्ता आणि शेवटी पोज्जो बुस्तोने असे जावे.

फोन्ते कोलोम्बोला 1223 मध्ये संघाची नियमावली लिहिली गेली. पोप होनोरियस तिसरे यांनी त्याच वर्षी 29 नोव्हेंबरला तिला मान्यता दिली. डोळ्यांच्या विकारावर तापलेल्या लोखंडाने डाग देण्याचा उपचार संत फ्रान्सिसवर झाला तोही इथेच. बहुतेक जण वरचे चर्च पाहून परततात. खाली उतरत्या पायऱ्यांवर मॅग्डलीनचे छोटे देऊळ आहे, त्यात लाल रंगात काढलेले ‘ताव’ अक्षर फ्रान्सिसच्या हातचे मानले जाते. असिसीच्या दुकानातून गळ्यात आलेल्या चिन्हाचा हा एक जुना पत्ता. आणखी खाली गुहा आहे. पाऊस झाला असेल तर पायऱ्या निसरड्या होतात, तेव्हा सपाट तळाच्या चपला नकोत.

ग्रेच्चोला 1223 च्या नाताळात खऱ्या बैल-गाढवासह गव्हाण मांडली गेली. घरोघरी मांडतो त्या गोठ्याची परंपरा लोक तिथूनच मोजतात. मठ कड्याला चिकटलेला आहे. गाव तिथून दोनेक किलोमीटर पुढे, आणि ग्रेच्चो नावाचे स्टेशन पार खाली खोऱ्यात. नकाशावर स्टेशन पाहून उतरणाऱ्याला भलामोठा चढ पायी चढावा लागतो. डिसेंबरपासून 6 जानेवारीपर्यंत इथे फार गर्दी असते, त्यामुळे शांतपणे पाहायचे तर मे किंवा सप्टेंबर बरा. ला फोरेस्ता व्यसनातून बाहेर पडणाऱ्या तरुणांचा समुदाय सांभाळतो. भाजीपाल्याची बाग पाहून थक्क व्हायला होते. पोज्जो बुस्तोनेला मठाच्या वर डोंगरात आणखी एक गुहा आहे. चढ अर्ध्या तासाहून जास्त, वाटेवर छोट्या देवळ्या. सूर्यास्ताला दोन तास नसतील तर निघू नये.

सार्वजनिक बसने फिरणाऱ्यांनी वेळापत्रकातले तीन शब्द पाठ करावेत. ‘फेरियाले’ म्हणजे सुटीचे नव्हे, तर सोमवार ते शनिवारचे कामाचे दिवस. ‘फेस्तीवो’ म्हणजे रविवार व सण. ‘स्कोलास्तिको’ लिहिलेली बस फक्त शाळा चालू असताना धावते, आणि खेड्यांकडे जाणाऱ्या बऱ्याच फेऱ्या याच असतात. उन्हाळी सुटीत माणूस थांब्यावर ताटकळतो तो यामुळेच. तिकीट आधी तंबाखूच्या दुकानातून घ्यावे. भाड्याची मोटार घेतलीत तर आंतरराष्ट्रीय परवाना जवळ हवा. जुन्या गावांच्या वेशीवर ‘झेड टी एल’ (मर्यादित वाहतुकीचा भाग) अशी पाटी दिसली की आत शिरू नये. कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी घरी येतो.

तोस्काना (टस्कनी) प्रांतातला ला वेर्नाचा डोंगरावरचा मठ मात्र वेगळा दिवस मागतो, जमल्यास मुक्काम. 1213 मध्ये काउंट ओर्लान्दो यांनी हा डोंगर दिला, 1224 च्या सप्टेंबरात इथे संत फ्रान्सिसच्या अंगावर ख्रिस्ताच्या पाच जखमा उमटल्या अशी श्रद्धा आहे. मठ 1,128 मीटरवर, वरचे पेन्ना शिखर 1,283 मीटर, म्हणजे जवळपास पाचगणीइतके. पण गारठा पाचगणीचा नव्हे. मे महिन्यातही स्वेटर लागतो, हिवाळ्यात बर्फ. आरेत्सो शहराहून छोट्या रेल्वेगाडीने बिब्बिएना आणि पुढे बसने मठाजवळचे क्युझी गाव. रोज दुपारी तीनला मठवासी बंधू मिरवणुकीने जखमांच्या देवळात जातात. मागून आपणही चालू शकतो, मोबाइल खिशात ठेवून. शिल्पकार आन्द्रेआ देल्ला रोब्बियाची निळी-पांढरी मातीची शिल्पे इतकी एका ठिकाणी क्वचितच पाहायला मिळतात.

मठांच्या अतिथीगृहात राहायचे तर ते हॉटेल नाही हे धरून चालावे. जेवण ठरल्या वेळी, रात्री दार बंद. आधीच विचारून घ्यावे: चादर-टॉवेल मिळतात का, खोली गरम करण्याचे पैसे वेगळे का, जिने किती. शाकाहारींनी नुसते ‘मांस नको’ म्हणून भागत नाही, कारण सूप बहुधा मांसाच्या पाण्यात केलेले असते. ‘सेन्त्सा ब्रोदो दी कार्ने’ असे सांगावे. थोडे युरो रोख ठेवावेत. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. स्वतःच्या धर्मगुरूंसह मिस्सा करायची असेल तर वेदी आधी आरक्षित करावी लागते, आणि धर्मगुरूंनी आपल्या बिशपांचे ओळखपत्र सोबत ठेवावे.

2026 मध्ये 4 ऑक्टोबरला रविवार आहे आणि संत फ्रान्सिसचा सणही. त्या आठवड्यात असिसीत खोली मिळणे अवघड. तेव्हा रिएतीत राहून चार मठ आधी करावेत आणि असिसी नंतरच्या आठवड्यात. सहल कंपन्यांनी दोन-तीन तासांच्या थांब्याला ‘असिसी दर्शन’ऐवजी ‘असिसी बॅसिलिका’ म्हटले, तरी पैसे भरणाऱ्याला आपण काय पाहणार नाही ते आधी कळेल.

आपला,
एक वाचक, वसई