ओपन सोर्ससाठी पुण्याची ट्रॅव्हल्स पकडायची गरज नाही

संपादक साहेब, नमस्कार.

बारावीचा निकाल लागला की तुमच्या पेपरात करिअरचं पान येतं, आणि त्यात आयटीचा विषय निघाला की गाडी सरळ पुणे-बेंगळुरूलाच जाऊन थांबते, कोणतं कॉलेज, कोणता कोर्स, पॅकेज किती, बस. मी नेमानं वाचते, कारण दिग्रस तालुक्यात माझा छोटा कॉम्प्युटर क्लास आहे आणि निकालानंतर ते पान घडी करून खिशात घालून पोट्टे माझ्याकडेच येतात, मॅडम यातलं काय करू म्हणून. त्या पानावर ओपन सोर्सबद्दल चार ओळी असत्या तर किती बरं झालं असतं असं मला दरवेळी वाटतं, कारण लाखभर फी न भरता आणि गाव न सोडता खरं काम शिकायची दुसरी जागा माझ्या तरी बघण्यात नाही, आणि तिच्याबद्दल इकडे माहिती कमी अन गैरसमज जास्त.

ओपन सोर्स म्हणजे फुकटचं सॉफ्टवेअर एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं. फुकट असतंच बऱ्याचदा, पण खरी गोष्ट ही की त्याचा कोड उघडा असतो, कोणीही वाचावा, बदलावा, आणि केलेला बदल मूळ प्रोजेक्टकडे पाठवावा की बघा हे चालते का. 1991 मध्ये हेलसिंकीला शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं लिनक्स, म्हणजे मशीन चालवणारं मूळ सॉफ्टवेअर, असंच लोकांपुढे ठेवलं, हा आपला छंद आहे, फार मोठं काही होणार नाही असं स्वतःच लिहून. आज बाजार समितीच्या गेटवर उभं राहून सोयाबीनचा भाव बघणाऱ्या माणसाच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तेच लिनक्स आहे. त्यानंच 2005 मध्ये गिट बनवलं, कोणी कधी कोणती ओळ बदलली याचा हिशोब ठेवणारं, आणि 2008 मध्ये आलेल्या गिटहब नावाच्या साईटवर आता जगभरातले असे प्रोजेक्ट पडलेले असतात. अट एकच, प्रोजेक्टला लायसन्स, म्हणजे कोड वापरायची लेखी परवानगी, पाहिजे, एमआयटी, जीपीएल, अपाची असं काहीतरी. लायसन्सच नसेल तर कोड दिसतो म्हणून तो आपला झाला असं होत नाही, हे पोट्ट्यांना कोणी सांगत नाही.

आता गैरसमजाचं बोलते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका क्लासनं मागे 'ओपन सोर्स इंटर्नशिप' म्हणून फी घेतली आणि शिकवलं काय, तर कोणाच्या तरी प्रोजेक्टच्या रीडमी, म्हणजे माहितीच्या, फाईलमध्ये स्वतःचं नाव टाका, पुल रिक्वेस्ट, म्हणजे माझा बदल घ्या अशी विनंती, पाठवा, स्क्रीनशॉट काढा, घ्या सर्टिफिकेट. हा रोग एकट्या आपल्या जिल्ह्याचा नाही. हॅकटोबरफेस्ट म्हणून एक उपक्रम 2014 पासून दर ऑक्टोबरला असतो, 2020 मध्ये चार पुल रिक्वेस्टवर टी-शर्ट होता, तर टी-शर्टच्या नादात लोकांनी इतका कचरा पाठवला की आयोजकांना महिना संपायच्या आत नियम बदलावे लागले, जो प्रोजेक्ट स्वतःहून हो म्हणेल तिथलंच काम धरायचं असं. 2024 च्या सुरुवातीला एक्सप्रेस नावाच्या प्रोजेक्टचं तेच झालं, अनेक वेबसाईट ज्याच्यावर उभ्या आहेत असा प्रोजेक्ट, आणि त्याच्यात आपली भारतातली पोरं ढिगानं नुसतं आपलं नाव टाकून राहिली होती, कारण एका शिकवणीच्या व्हिडिओत उदाहरण म्हणून तेच करून दाखवलं होतं. आपल्याकडे इर्जिकीला माणूस बैलजोडी घेऊन जातो तेव्हा आधी शेतवाल्याला विचारतो न, भाऊ कोणतं वावर, कुठून लावू? मनानंच कुठंही नांगर घातला तर जेवण सोडा, धुऱ्यावरूनच हाकलतील. इथं तर समोरचा माणूस बहुतेक वेळा दिवसाची नोकरी करून रात्री फुकट तो प्रोजेक्ट सांभाळत असतो, त्याला मेंटेनर म्हणतात, अन त्याच्या रात्रीचे दोन तास आपल्या नावाची ओळ काढण्यात जातात.

मग सुरुवात कुठून करायची? माझं मत विचाराल तर कोडपासून नाही. आधी एखादं ओपन सोर्स अ‍ॅप रोजच्या कामात वापरा, एफ-ड्रॉइड नावाच्या स्टोअरवर तशीच अ‍ॅप मिळतात, कॉम्प्युटरवर लिब्रेऑफिस आहे, फायरफॉक्स आहे. वापरता वापरता जे खटकते ते लिहून ठेवा. खटकणं ही लहान गोष्ट नाही हो. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या इंजिनिअरला एवढंच खटकलं की आपल्या मशीनवर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागून राहिला, त्याचा माग काढत गेला तर एक्सझेड नावाच्या लायब्ररीत, म्हणजे दुसरी सॉफ्टवेअर वापरतात अशा तयार कोडमध्ये, कोणीतरी मुद्दाम बसवलेला चोरदरवाजा सापडला, जो जगभरातल्या लिनक्स सर्व्हरवर पोचायच्या बेतात होता. आणि बसवणारा कोण, तर दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून, काम करून, थकलेल्या एकट्या मेंटेनरचा विश्वास मिळवलेला माणूस.

आमच्याकडचं उदाहरण याच्यापुढं चिल्लर आहे पण सांगते. क्लासमधली एक मुलगी, बीए दुसऱ्या वर्षाची, घरी कापूस आणि तूर, ती एका छोट्या ओपन सोर्स नोट्स अ‍ॅपमध्ये बचत गटाचं लिहून ठेवायची. तिच्या लक्षात आलं की 'शेतकऱ्यांना' असं सर्च केलं की अर्ध्याच नोट्स सापडतात, बाकीच्या डोळ्यापुढं दिसून राहिल्या पण सापडत नाहीत. आम्ही अक्षर अक्षर सुटं करून पाहिलं. आपल्या मराठीतला तो आडवा र, ऱ्या मधला, तो कॉम्प्युटरमध्ये दोन तऱ्हांनी लिहिला जातो, एक म्हणजे खाली टिंबवाला ऱ घेऊन त्याला हलंत, आणि दुसरी म्हणजे साधा र, हलंत आणि त्याच्यामागं एक न दिसणारं कॅरेक्टर, त्याला झेडडब्ल्यूजे म्हणतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच, मशीनच्या लेखी दोन वेगळे शब्द. तिनं काही नोट्स फोनवर लिहिल्या होत्या आणि काही जुन्या फाईलमधून चिकटवल्या होत्या, त्यामुळं घोळ.

तिला म्हटलं इश्यू टाक, म्हणजे प्रोजेक्टच्या पानावर ही अडचण लिहून कळव. तर पहिला प्रश्न, मॅडम माझं इंग्रजी? मी म्हटलं तुला निबंध थोडाच लिहायचा आहे. आधी जुन्या इश्यूंमध्ये शोधलं, कोणी आधीच सांगितलं आहे का ते, नव्हतं. मग तिनं लिहिलं, फोन कोणता, अँड्रॉइड कोणतं, अ‍ॅपचं व्हर्जन कोणतं, मी हे केलं, हे व्हायला पाहिजे होतं, हे झालं, आणि दोन्ही शब्द खाली चिकटवले युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटरनं प्रत्येक अक्षराला दिलेल्या, नंबरासकट. सगळी वाक्यं चार-पाच शब्दांची. बरेच दिवस काही नाही, ती रोज येऊन विचारायची, मंग एक दिवस उत्तर आलं, मेंटेनर दुसऱ्याच देशातला, म्हणे मला ही लिपी वाचता येत नाही पण तुझा रिपोर्ट एवढा नेमका आहे की मला काय करायचं ते समजलं, तू या दोन शब्दांची एक टेस्ट लिहून देशील का. टेस्ट म्हणजे कोड बरोबर चालतो का हे तपासणारा छोटा कोड. आधीच्या टेस्टची नक्कल करून, शब्द बदलून, इथं कंस सुटला तिथं स्वल्पविराम राहिला असं करत तिनं ती लिहिली. मेंटेनरनं दोनदा परत पाठवली, एकदा फाईलचं नाव चुकीचं म्हणून आणि एकदा एकाच पुल रिक्वेस्टमध्ये दुसऱ्या कुठल्या तरी फाईलची मोकळी जागा बदलली गेली होती म्हणून. दुसऱ्या वेळी ती रडकुंडीला आली होती. याला रिव्ह्यू म्हणतात, रागावणं नसते ते, पण आपल्याकडे शाळेत लाल पेनाची इतकी धास्ती बसलेली असते की पोरं इथंच सोडून देतात, आणि मला वाटते नवीन माणसाला शिकवायची पहिली गोष्ट कोड नसून हीच आहे. शेवटी मर्ज झालं, म्हणजे तिचं काम मूळ कोडमध्ये गेलं. या दुरुस्तीला कॅलिफोर्नियाचा इंजिनिअर काय कामाचा, त्याला आडवा र दिसतच नाही न.

प्रोजेक्ट निवडताना मोठ्या नावामागं पळू नका. शेवटचा बदल कधी झाला ते बघा, दोन वर्षांपूर्वी झाला असेल तर तिथं उत्तर द्यायला कोणी नाही. नवीन माणसाला मेंटेनर कसा बोलतो ते जुन्या इश्यूंमध्ये वाचा, स्वभाव लगेच कळतो. 'गुड फर्स्ट इश्यू' असं लेबल लावलेली कामं नवख्यांसाठी ठेवलेली असतात, पण त्यावर आधीच कोणी बसलं आहे का ते बघून घ्या. काँट्रिब्युटिंग नावाची फाईल असली तर ती आधी, रीडमी नंतर. आणि बदल करायच्या आधी तो प्रोजेक्ट आपल्या मशीनवर चालवून बघा, खरा दम इथंच निघतो, कोड लिहायला अर्धा तास अन प्रोजेक्ट चालू व्हायला दोन दिवस असं होते, त्यात लाईन गेली की संपलंच. दिवसाचा दीड जीबीचा पॅक असेल तर गिट क्लोन करताना, म्हणजे प्रोजेक्ट आपल्या मशीनवर उतरवताना, डेप्थ एक असं लावावं, म्हणजे जुना सगळा इतिहास उतरत नाही, आत्ताचा कोड तेवढा येतो. जुन्या चार जीबी रॅमच्या लॅपटॉपवर विंडोज रडते, तिथं लिनक्स मिंटची हलकी एक्सएफसीईवाली आवृत्ती टाकून पहा. लिनक्स मराठीतून शिकायचं तर आयआयटी मुंबईचे स्पोकन ट्युटोरियल आहेत, फुकट आहेत, लिब्रेऑफिसचेही आहेत. आणखी एक, पोरींना तर मी मुद्दाम सांगते, पहिल्या कमिटच्या, म्हणजे गिटमध्ये बदलाची नोंद करायच्या, आधी गिटहबच्या सेटिंगमध्ये जाऊन ईमेल लपवा, आणि गिटमध्येही तो लपवलेलाच पत्ता टाका, कारण कमिटमध्ये गेलेला ईमेल जगाला दिसतो आणि नंतर पुसायचा म्हटलं तर फार कुटाणा आहे.

आणि एआयकडून लिहून घेऊन चिकटवू नका. कर्ल नावाचं सॉफ्टवेअर आहे, स्वीडनचा डॅनियल स्टेनबर्ग 1998 पासून सांभाळतो, तो या एआयनं लिहिलेल्या खोट्या बग रिपोर्टपायी, म्हणजे नसलेल्या चुका कळवणाऱ्या रिपोर्टपायी, इतका वैतागला आहे की जाहीरपणे बोलून राहिला. न समजलेला शब्द एआयला विचारा, इंग्रजी नीट करून घ्या, त्यात काही नाही. पण पाठवताना त्यातली प्रत्येक ओळ आपल्याला समजली पाहिजे, कारण समोरचा उलटा प्रश्न विचारणारच.

कोड येतच नाही, लॅपटॉपही नाही, अशांनाही काम आहे. ओपनस्ट्रीटमॅप हा लोकांनी मिळून बनवलेला नकाशा आहे, 2004 पासूनचा, त्याच्यासाठी फोनवर स्ट्रीटकम्प्लीट नावाचं अ‍ॅप आहे, रस्त्यानं चालता चालता प्रश्नांची उत्तरं द्यायची, रस्ता डांबरी की कच्चा, शाळेचं नाव काय. आपले पांदण रस्ते कोणत्या नकाशावर धड आहेत सांगा? पावसाळ्यात काळ्या मातीत ट्रॅक्टर फसते तो रस्ता कोणता अन बारमाही कोणता हे गावच्या पोट्ट्याशिवाय कोणाला माहीत असणार. तेवढं एक सांभाळायचं, गुगल मॅप बघून तिथलं उतरवायचं नाही, ते लायसन्समध्ये बसत नाही, आपण पाहिलेलं तेवढंच टाकायचं. मोझिलाचं कॉमन व्हॉइस आहे, त्यात मराठी आहे, वाक्यं वाचून आवाज द्यायचा आणि दुसऱ्यांचे ऐकून तपासायचे. फायरफॉक्सचं मराठी भाषांतर पाँटून नावाच्या साईटवर होतं, तिथं ब्राउझरमधूनच सुचवता येतं, जाणकार तपासून घेतात.

आईबापांचा प्रश्न ठरलेला, याचे पैसे किती भेटतात? सुरुवातीला काहीच नाही, आणि जो क्लासवाला लगेच भेटतात म्हणतो तो तुम्हाला फसवून राहिला. पुढं गुगल समर ऑफ कोड आहे, 2005 पासून चालू, 2022 पासून त्याला विद्यार्थीच असलं पाहिजे ही अटही निघाली, अठरा वर्षं पूर्ण झालेला नवखा माणूस अर्ज करू शकतो आणि कामाचे पैसे मिळतात, पण तिथं निवड होते ती जो आधी काही महिने त्या प्रोजेक्टमध्ये दिसलेला असतो त्याची. आउटरीची म्हणून अजून एक आहे तसाच. नोकरीच्या मुलाखतीत मात्र माझा अनुभव असा की सर्टिफिकेटच्या फाईलपेक्षा गिटहबवरचा रिव्ह्यूतला वाद दाखवला की समोरचा खुर्चीत पुढं सरकून बसतो. आमच्या त्या मुलीला अजून नोकरी लागलेली नाही, तेही सांगून टाकते, ती सध्या बीए करून राहिली आणि त्याच अ‍ॅपमध्ये तिसरं काम करून राहिली.

तर संपादक साहेब, मागणी एवढीच की करिअरच्या पानावर याला अर्धा कॉलम द्या, महिन्यातून एकदा दिला तरी चालेल, लिहायला आमच्यासारखे आहेत, मानधन नको. आणि दुसरं, तुमच्या वेबसाईटच्या सर्चमध्येही 'शेतकऱ्यांना' दोन्ही तऱ्हांनी टाकून पाहिलं, निकाल वेगवेगळे येतात, एकीकडे कर्जमाफीच्या बातम्या सापडतात अन दुसरीकडे सापडत नाहीत. तुमचा कोड उघडा नाही त्यामुळं इश्यू टाकायला जागा नाही, म्हणून दोन्हीचे स्क्रीनशॉट पत्रासोबत जोडले आहेत, फोन कोणता, ब्राउझर कोणता, काय टाकलं अन काय आलं तेही मागच्या पानावर लिहिलं आहे.

आपली नेहमीची वाचक,
एक कॉम्प्युटर क्लासवाली,
ता. दिग्रस, जि. यवतमाळ