पुढील तपासणीची तारीख चुकीची काढली जात असल्याबाबत तक्रार

दिनांक : १८ जून २०२४

प्रति,
व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : देखभाल नियोजनाच्या सॉफ्टवेअरमध्ये कायद्याने बंधनकारक असलेल्या तपासण्यांच्या पुढील तारखा मुदतीनंतरच्या दाखवल्या जात असल्याबाबत.

महोदय,

भोसरी औद्योगिक क्षेत्रातील आमच्या कारखान्यात आपले सॉफ्टवेअर दोन वर्षांपासून वापरात आहे. मार्चपासून याच विषयावर आपल्या मदत कक्षाशी चार वेळा ई-मेलने पत्रव्यवहार झाला. तरीही मूळ दोष कायम असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

आमच्या एअर रिसीव्हरची (कंप्रेसरची दाबाखालील हवा साठवणारी टाकी) आतून आणि बाहेरून तपासणी गुरुवार, ३१ ऑगस्ट २०२३ रोजी सक्षम व्यक्तीकडून (शासनमान्य तपासनीसाकडून) करून घेतली. गुरुवार हा आमचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस असल्यामुळे त्या दिवशी कंप्रेसर बंद ठेवून रिसीव्हर पूर्ण रिकामा करता येतो. तपासणीचा सही-शिक्क्याचा अहवाल हाती यायला वेळ लागला आणि वर्क ऑर्डर (सॉफ्टवेअरमधील कामाची नोंद) १८ सप्टेंबरला, गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, बंद झाली. वर्क ऑर्डरमध्ये तपासणीचा दिनांक ३१ ऑगस्ट असा स्पष्ट भरलेला असूनही आपल्या सॉफ्टवेअरने पुढील सहा महिने १८ सप्टेंबरपासून मोजले आणि बाह्य तपासणीची पुढील तारीख १८ मार्च २०२४ अशी दाखवली.

ही चूक आमच्या लक्षात आली ती एका फिटरमुळे. २६ फेब्रुवारीच्या सकाळी तो रिसीव्हरमधले पाणी काढायला कंप्रेसर रूममध्ये गेला होता. रिसीव्हरच्या अंगावर आमच्या पेंटरने पिवळ्या रंगात ‘पुढील तपासणी २९/०२/२४’ असे लिहून ठेवले आहे, आणि फिटरच्या हातातल्या मोबाइलवर त्याच रिसीव्हरसमोर १८ मार्च ही तारीख हिरव्या रंगात, म्हणजे ‘मुदत शिल्लक’ अशा खुणेने दिसत होती. तो तसाच माझ्याकडे आला आणि खरी तारीख कोणती, असे त्याने विचारले. खरी तारीख रंगाने लिहिलेली होती. आम्ही धावपळ करून बुधवारी, २८ फेब्रुवारीला तपासणी उरकली.

दाबाखालील पात्रांची बाह्य तपासणी सहा महिन्यांतून एकदा करणे महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ प्रमाणे, तर लिफ्टची तपासणी त्याच मुदतीत करणे कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २८ प्रमाणे बंधनकारक आहे. ही मुदत प्रत्यक्ष तपासणीपासून मोजायची असते. कार्यालयात कागद कधी पूर्ण झाला याच्याशी तिचा संबंध नाही. मुदत चुकली तर उत्तर भोगवटादाराला (कारखान्यावर अंतिम नियंत्रण असलेल्या व्यक्तीला) आणि कारखान्याच्या व्यवस्थापकाला द्यावे लागते. शिवाय ही चूक एकदा होऊन थांबत नाही. प्रत्येक फेरीत अठरा दिवस पुढे सरकले, तर पाच वर्षांच्या दहा फेऱ्यांत १८० दिवस होतात, म्हणजे एक पूर्ण तपासणीच गळते, आणि पडद्यावर मात्र एकही नोंद लाल दिसत नाही.

आपल्या मदत कक्षाने आमच्या विनंतीवरून ‘मागील तपासणी’ या रकान्यात ३१ ऑगस्ट ही तारीख घातली, तेव्हा दुसरा दोष उघड झाला. सॉफ्टवेअरने पुढील तारीख २ मार्च २०२४ दिली. फेब्रुवारीला ३१ तारीख नसते. अशा वेळी त्या महिन्याचा शेवटचा दिवस, म्हणजे २९ फेब्रुवारी धरायला हवा होता. त्याऐवजी उरलेले दोन दिवस मार्चमध्ये ढकलले गेले. एक्सेलमधील ‘ईडेट’ हे साधे सूत्र हेच गणित बरोबर करते. ‘अशी परिस्थिती क्वचितच उद्भवते’ हे आपले उत्तर मला मान्य नाही. सहामाही तपासणी मार्च, मे, ऑगस्ट, ऑक्टोबर किंवा डिसेंबरच्या ३१ तारखेला झाली, तर दर वेळी हीच अडचण येणार. ३१ तारीख असलेल्या सात महिन्यांपैकी फक्त जानेवारी आणि जुलै यातून सुटतात.

मे महिन्यातील सुधारित आवृत्तीनंतर सर्व ठीक झाल्याचे आपण कळवले होते. मात्र १३ डिसेंबर २०२३ रोजी तपासलेल्या मालवाहू लिफ्टची पुढील तारीख १३ जून, म्हणजे गुरुवारी येत असताना सॉफ्टवेअरने सुट्टी टाळण्यासाठी ती शुक्रवार, १४ जूनवर नेली. बंधनकारक तपासणी सुट्टीमुळे हलवायचीच असेल, तर ती अलीकडे आणली पाहिजे. आम्ही ती १२ जूनला करून घेतली, पण त्यासाठी मला माझी वही पाहावी लागली.

या अनुभवानंतर आमच्या १४३ उपकरणांच्या तारखा आम्ही हाताने पडताळल्या. त्यांपैकी १७ उपकरणांची दाखवलेली तारीख खऱ्या मुदतीनंतरची निघाली, आणि दोन चेन पुली ब्लॉकची (साखळीने माल उचलण्याच्या साधनांची) वार्षिक मुदत तर नऊ दिवसांपूर्वीच उलटलेली होती. लाल टॅग लावून ते दोन्ही वापरातून काढावे लागले. त्या नऊ दिवसांत त्यांच्यावर माल उचलला गेला होता आणि त्याखाली माणसे काम करीत होती, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते.

काम पूर्ण झालेल्या दिवसापासून पुढील फेरी मोजण्याची पद्धत सरसकट चुकीची आहे, असे माझे म्हणणे नाही. कंप्रेसरचे तेल पंधरा दिवस उशिरा बदलले, तर पुढचा बदल त्या दिवसापासूनच मोजणे योग्य आहे. पण तिथेही तेल बदलल्याचा दिवस धरावा, वर्क ऑर्डर बंद केल्याचा नव्हे.

म्हणून बंधनकारक तपासण्यांसाठी गणनेचा वेगळा प्रकार द्यावा, ज्यात मुदत अहवालातील तपासणीच्या दिनांकापासून कॅलेंडरच्या महिन्यांनी मोजली जाईल, महिनाअखेरीचा दिवस पुढच्या महिन्यात जाणार नाही आणि सुट्टी आल्यास तारीख अलीकडे सरकेल. तसेच ‘मागील तपासणी’ची तारीख कोणी, कधी आणि का बदलली, याची न पुसता येणारी नोंद राहावी, कारण आपल्या कर्मचाऱ्याने फेब्रुवारीनंतर केलेल्या बदलाचा आज कोठेही माग लागत नाही.

१७ उपकरणांचा तक्ता आणि पडद्यांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. दुरुस्ती केव्हा होईल, हे पंधरा दिवसांच्या आत लेखी कळवावे. तसे न झाल्यास वार्षिक वर्गणीचे नूतनीकरण न करण्याची शिफारस मी व्यवस्थापनाकडे करीन. तोपर्यंत आम्ही सर्व बंधनकारक तारखा आमच्या स्वतंत्र तक्त्यातूनच घेत आहोत.

आपला विश्वासू,
देखभाल विभागप्रमुख