मुक्तास, बेटांवर निघण्याआधी

दापोली

चि. मुक्ता हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा तू फोन ठेवलास की रेंज गेली, हे मी विचारणार नाही. वाळूचा विषय निघाला की आपलं असंच होतं. म्हणून पत्र. यात मला मध्येच तोडता येत नाही. आणि वाळूबद्दल एक अक्षर लिहायचं नाही, असं ठरवूनच बसलोय.

तुझी यादी वहीत उतरवून घेतली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या ओबानहून कॅम्परव्हॅन बोटीत चढवायची, पावणेपाच तासांनी बॅरा बेट, मग एकेक बेट धरत वर लुईसपर्यंत आणि तिथल्या स्टॉर्नोवे बंदरातून परत. बेत झकास आहे. डेपोतल्या मंडळींना नकाशा दाखवला. शिंदे म्हणाला, पोरगी घर घेऊनच फिरणार म्हणजे. मी म्हटलं, आणि चालवणार पण तीच.

एकपदरी रस्त्यांची मला चिंता नाही. समोरून कोणी आलं तर पासिंग प्लेस डाव्या हाताला असेल तेव्हा आत घ्यायची, उजव्या हाताला असेल तेव्हा तिच्यासमोर थांबायचं. मागच्यालाही साइड द्यायची. तो कामावर निघालेला असतो, तुम्ही सुट्टीवर. आणि त्या जागेत गाडी लावून चहा उकळत बसायचं नाही. बारावीत असताना आपल्या खळ्यात फणस आणि विहिरीच्या मधून दादूची ऑम्नी तू रिव्हर्समध्ये काढलीस, पानाला धक्का नाही. आई डोळे मिटून उभी होती. मी उघडे ठेवले होते, पण बोललो नाही काही. तेव्हापासून तुझ्या हाताची काळजी मी सोडली.

रात्री मात्र विचारून थांबा. तंबूवाल्यांना स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्यानं बरीच मोकळीक आहे, पण ती पायी फिरणाऱ्याला, मोटारीला नाही. किनाऱ्यालगत फुलांचं गवत असतं ना, मॅखर म्हणतात ते, त्यावर चाक घालू नका. वरून हिरवं दिसतं, खाली सगळी वाळू.

बघ, आलीच.

आता आलीच आहे तर सांगूनच टाकतो. बॅराला विमान उतरतं ते किनाऱ्यावर, ओहोटीच्या वाळूवर. भरतीच्या वेळा बघून त्याचं वेळापत्रक ठरतं. जिथे विमान भरतीला विचारून येतं, तिथे तू ओहोटीच्या वाळूवरून वॅले बेटाला चालत निघणार आणि मी विचारलं की ‘बाबा, सगळे जातात.’ नॉर्थ यूइस्ट आणि बेनबेक्युला या बेटांच्या मधला बांध 1960 साली झाला. त्याआधी तिथली माणसं वाळूवरूनच जायची, हे मलाही माहीत आहे. पण ती माणसं तिथलीच, पाणी ओळखणारी.

तीन-एक किलोमीटरची वाळू आणि पलीकडे एक पडका वाडा. जा. पण सुकती लागल्यावर, उतरत्या पाण्याच्या मागे निघा, आणि पाणी तळाला जायच्या आधी परत फिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी लांब जातं आणि तेवढंच जोरात येतं. भरती रोज पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, कालची वेळ आज चालत नाही. समोर कोरडं दिसतं आणि पाणी मागच्या ओहळातून भरत असतं. पावलाच्या ठशात पाणी वर येऊन ठसा बुजायला लागला की फोटो राहू दे, मागे फिर. कर्द्याला दर मे महिन्यात कोणाची तरी गाडी रुततेच. चाक जितकं फिरवावं तितकं खाली जातं, मग ट्रॅक्टर बोलवा. नंदूकाकाचं मी काढत नाही.

लेक्चर झालं. माफ कर. तू रात्रपाळीत आख्खा वॉर्ड सांभाळतेस आणि मी तुला चालायला शिकवतोय.

चांगलंही सांगतो. बुद्धिबळाची ती जुनी मोहरी, 1831 साली लुईसच्या किनाऱ्यावर सापडलेली, वॉलरसच्या दाताची (तीही वाळूतच, पण ते असो). बरीचशी लंडनला आहेत, सहा स्टॉर्नोवेच्या संग्रहालयात. राण्या गालाला हात लावून बसल्यात. आईनं मोबाइलवर बघून विचारलं, ‘ही मेली कुणाची वाट बघतेय?’ ती बघच. आर्नोलचं गवती छपराचं काळं घर बघ, कॅलनिशचे पाच हजार वर्षांपूर्वीचे उभे दगड बघ. हॅरिसचं ट्वीड, म्हणजे तिथलं लोकरी कापड, विणकराच्या घरी जाऊन घे. विणकराच्याच घरी, हातमागावर विणलेलं हवं असा 1993 चा कायदा आहे. आई नको म्हणेल, तरी तिच्यासाठी घे. लुईसला रविवारी बरंचसं बंद असतं. डिझेल आणि दूध शनिवारीच भरा. गाडीत गॅस पेटवाल तेव्हा खिडकी उघडी, आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म चालू आहे ना ते अद्वैतरावांना बघायला सांग.

स्टॉर्नोवेच्या बंदराबाहेर होमच्या खडकांवर ‘आयोलेर’ बोटीचं स्मारक आहे. युद्ध संपवून घरी येणारे 201 जण 1 जानेवारी 1919 च्या पहाटे तिथे बुडाले, बंदराचे दिवे समोर दिसत असताना. तुला घाबरवायला नाही सांगत. गेलीस तर नमस्कार कर, एवढंच. पाण्यात वाढलेली माणसं होती गं ती.

लहानपणी हर्णैला माशांच्या बैलगाड्यांमागे तू थेट पाण्यात धावायचीस. आई काठावरून ओरडायची आणि मला वाटायचं, जाऊ दे, पोहायला शिकेल. शिकलीस. ग्लासगोला जायचं ठरलं तेव्हाही घरात मी एकटाच ‘जाऊ दे’ म्हणणारा. आताही म्हणतोय.

फक्त वॅलेला कोणत्या तारखेला जाणार तेवढं कळव. त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा मी इथून बघून ठेवतो. तू बघितल्यास तरी मी बघणार. परत गाडीत येऊन बसलात की मेसेज टाक. इथे रात्र झाली असली तरी चालेल, मी जागा असेन.

अद्वैतरावांना नमस्कार सांग.

बाबा