वडगावच्या मागवाल्या मामांना

प्रिय मामा,
सप्रेम नमस्कार.

आमचा बँड जेमतेम दीड वर्ष टिकला. बेळगावात तालमीला जागा मिळत नव्हती. टिळकवाडीतल्या मित्राच्या गच्चीवरून आम्हाला दोनदा उठवलं होतं. तुम्ही एवढंच विचारलंत, "आवाज किती हाय?" आणि मग स्वतःच म्हणालात, "आमच्या मागांपेक्षा जास्त नसंल." सुट्टीच्या दिवशी तुमच्या विणकामाच्या शेडची किल्ली हातात दिलीत. भाडं नाही, विजेचे पैसेसुद्धा नाहीत.

आम्ही पंक-फंक वाजवायचो, म्हणजे पंकचा खरखरीतपणा आणि फंकचा नाचरा ठेका. त्यात गिटार गोड वाजत नाही, खरवडते. गाणं ओढून नेतो तो बेस, म्हणजे खालच्या सुरांची गिटार. फंकमध्ये पहिल्या मात्रेवर सगळा भार, आपल्या समेसारखा, आणि पुढं मोकळी जागा सोडायची. ती जागाच आम्हाला सोडता येत नव्हती. ड्रमर खासबागचा, घरी कन्नड बोलणारा. बेसवर मी, खानापूरचा. दोघंही नुसते भरत सुटायचो. एकदा तुम्ही दारात उभं राहून ऐकलंत आणि म्हणालात, "धोटा पलीकडं पोचायच्या आधीच फणी हाणायलाय की रे तुम्ही." धोटा आडवा धागा घेऊन जातो, आणि तो पोचल्यावरच फणीनं धागा ठोकून बसवायचा असतो.

मामा, इतक्या वर्षांत संगीतातलं एवढं नेमकं मला कोणी सांगितलेलं नाही. मी दोन सूर गाळले, ड्रमरच्या ठोक्याची वाट बघितली. त्या संध्याकाळी आमचं गाणं पहिल्यांदा नाचायला लागलं.

पुढं कळलं, की हे संगीत घडवणाऱ्या बँडपैकी गँग ऑफ फोर इंग्लंडमधल्या लीड्सचा आणि अ सर्टन रेशो मँचेस्टरचा. एक शहर लोकरीच्या कापडाचं, दुसरं सुताचं. लीड्सलाच १९७९ साली निघालेल्या डेल्टा ५ मध्ये तर दोन बेस होते. तोही बँड थोडीच वर्षं चालला. हे वाचताना मला सारखी तुमची शेड दिसत होती, खांबाला टांगलेल्या बॉबिनच्या पिशवीसकट.

मग ड्रमर नोकरीला बेंगळुरूला गेला, गिटारवाला पुण्याला. तुमचे आभार मानायचे राहिले, याचं मला फार वाईट वाटतं.

परवा जुन्या मोबाईलमध्ये एक रेकॉर्डिंग सापडलं. गाणं संपतं, शेजारच्या शेडमधले माग ऐकू येतात, आणि तुम्ही म्हणता, "आणि एकदा वाजवा." पेन ड्राइव्हवर घेऊन येतोय. ड्रमरही येणार आहे.

तुमचा,
बेसवाला पोरगा