दोन आजार, दोन्ही दारं बंद

मा. संपादक,

माझा धाकटा २२ वर्षांचा. हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात हिशेब लिहायचा. गांजा लागला, मग कानात माणसं बोलू लागली. आम्ही आधी देवळात गाऱ्हाणं घातलं. त्यात चार महिने गेले. व्यसनमुक्ती केंद्र म्हणालं, हा मानसिक रुग्ण. डॉक्टर म्हणाले, आधी गांजा सोडवा. वास्तविक २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू-अमली पदार्थांशी जोडलेले मनाचे विकारही मानसिक आजारच धरलेत.

शेवटी रत्नागिरीत औषधं सुरू झाली. पण तो बोलता झाला तो यातूनच गेलेल्या दुसऱ्या एका मुलामुळे. तो मुलगा आमच्या पडवीत जाळं शिवत बसायचा आणि हातातली सुई न थांबवता विचारायचा, "आज काय म्हणतायत रे आवाज?" आम्ही घरच्यांनी हे कधी विचारलंच नव्हतं. गोळीनं आपलीही जीभ जड व्हायची, असं त्यानं सांगितलं, तेव्हा कुठे आमच्या धाकट्यानं गोळ्या उशाखाली लपवणं सोडलं.

१४४१६ वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनची मोफत मदत मिळते, जरूर घ्यावी. पण शेजारी येऊन बसणारंही कुणी हवं. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमात अशा सावरलेल्या मुलांना प्रशिक्षण देऊन, मानधनावर नेमा. हा मुलगा दापोलीहून येतो, एसटीचं भाडं स्वतःच्या खिशातून भरतो.

– एक आई, हर्णै