थकवा, सलाईन आणि साडेचार ग्रॅम मीठ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

नवतपा, म्हणजे मे अखेरीचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागायला अजून पंधरा दिवस आहेत, पण आमच्या वस्तीतल्या दवाखान्यांमध्ये दुपारी बारानंतर रिकामी खाट मिळत नाही. त्या खाटांवर झोपलेल्यांपैकी काहींना उलट्या-जुलाब झालेले असतात, काहींना खरोखरच ऊन लागलेले असते आणि अशा रुग्णांना शिरेतून पाणी देणे हा जीव वाचवणारा उपचार आहे, याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. हे पत्र उरलेल्यांविषयी आहे. ‘आंगात जीवच नाई राह्यला, एखादी सलाईन लावून द्या न मॅडम’ असे म्हणत जी माणसे, आणि त्यातही ज्या बायका, आपल्या पायांनी चालत येतात आणि दोन तासांनी पैसे मोजून चालत घरी जातात, त्यांच्या थकव्याची चौकशी कोणीही केलेली नसते.

मी एका रुग्णालयाच्या रक्त तपासणी प्रयोगशाळेत 31 वर्षे तंत्रज्ञ म्हणून काम करून निवृत्त झाले. मी डॉक्टर नाही, त्यामुळे कोणाला औषध सुचवण्याचा मला अधिकार नाही, पण बाटलीवरचे लेबल मला वाचता येते. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये पाणी आणि साडेचार ग्रॅम मीठ असते, त्यापलीकडे काही नसते. ‘ग्लुकोजची बाटली’ म्हणून जी लावतात, तिच्यात 5 टक्क्यांच्या हिशेबाने 25 ग्रॅम ग्लुकोज असते आणि त्यातून मिळणारी ऊर्जा जेमतेम एका पोळीएवढी भरते. ताकदीची म्हणून जी पिवळी बाटली प्रसिद्ध आहे, तिचा पिवळेपणा बी-2 या जीवनसत्त्वाचा असतो आणि शरीराला नको असलेला त्याचा भाग त्याच दिवशी लघवीवाटे तसाच पिवळा बाहेर पडतो. एवढे असूनही रुग्णाला बरे वाटते, हे मी नाकारत नाही. उन्हाळ्यात शरीरातले पाणी कमी झालेले असते, ते थोडे भरून निघते, हे एक कारण झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. घरात पहाटे साडेचारला उठून पाणी भरणाऱ्या, दोन डबे करणाऱ्या आणि रात्री सगळ्यांच्या शेवटी ओटा पुसणाऱ्या बाईला दिवसाउजेडी दोन तास आडवे पडण्याची परवानगी हातात सुई असल्याशिवाय मिळत नाही. सुई आहे म्हटल्यावर सासूबाईही काही बोलत नाहीत. त्या बाटलीतून जे मिळते त्यात औषधाचा वाटा किती आणि कूलरसमोर निवांत पडून राहण्याचा वाटा किती, हे एकदा घरातल्या सर्वांनी मिळून ठरवावे.

आपल्या भाषेत थकव्याला शब्द पुष्कळ आहेत, पण दवाखान्यात गेल्यावर आपण सगळे एकच शब्द वापरतो आणि डॉक्टरांचे काम अवघड करून ठेवतो. दिवसभराच्या कामाने येतो आणि रात्रीच्या झोपेने जातो तो शीण, आणि त्याला तपासणीची गरज नाही. सुस्ती वेगळी, कारण तिच्यात बसल्या जागी डोळे मिटतात, आणि तिचा धागा बहुधा अपुऱ्या किंवा तुटक झोपेपर्यंत जातो. जिना चढताना मांड्या भरून येणे, छाती धडधडणे, बोलता बोलता दम लागणे हा अशक्तपणा रक्ताकडे किंवा हृदयाकडे बोट दाखवतो. मरगळीत हातपाय चालतात, पण मन कशावरच बसत नाही, आवडीची मालिकाही नको वाटते. आणि थकव्यासोबत वजन वाढणे, केस गळणे, बद्धकोष्ठता आणि नागपूरच्या मे महिन्यातही कूलरची हवा अंगावर नको वाटणे असे सगळे एकत्र दिसले, तर थायरॉइडची टीएसएच ही तपासणी करून घेणे शहाणपणाचे ठरते. थकवा कधीपासून आहे, दिवसाच्या कोणत्या वेळी वाढतो, सुटीच्या दिवशी झोप काढल्यावर जातो का आणि त्याच्यासोबत आणखी काय होते, एवढे आठवडाभर वहीत लिहून नेले, तरी पाच मिनिटांच्या भेटीतून बरेच निष्पन्न होते.

हे सांगणारी मी स्वतः मात्र पावणेदोन वर्षे फसले, ते लिहिल्याशिवाय पत्र प्रामाणिक होणार नाही. निवृत्तीनंतर मला थकवा जाणवू लागला, तेव्हा ‘आता वयच झाले’ असे मी स्वतःला सांगितले, मग शेजारच्या वहिनींच्या आग्रहाने टॉनिकच्या चार बाटल्या संपवल्या. तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, ती चपलांची चूक मानली. अखेर पूर्वीच्या सहकाऱ्याने ओळखीखातर सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, केली आणि हिमोग्लोबिन 11.4 असल्यापेक्षा एमसीव्ही 106 आहे, याकडे माझे लक्ष वेधले. एमसीव्ही म्हणजे तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान. ते 100 च्या वर गेले की बी-12 आणि फॉलिक ॲसिड यांची आठवण व्हावी, हे मी शिकाऊ मुलींना कितीतरी वेळा सांगितले होते. माझे बी-12 फारच खाली निघाले. आमच्या घरी मांसाहार नाही, दूध चहापुरते, आणि मधुमेहासाठी मी नऊ वर्षे मेटफॉर्मिन घेत होते. हे औषध दीर्घकाळ घेणाऱ्यांमध्ये बी-12 चे शोषण कमी होऊ शकते, म्हणून अधूनमधून त्याची पातळी पाहायची असते. ते औषध चांगले आहे आणि मी ते आजही घेते. चूक विचारणा न करण्याची होती, आणि ती माझीही होती. उपचार सुरू झाल्यावर दीड-दोन महिन्यांत जिना पूर्वीसारखा चढता येऊ लागला, मुंग्या जायला मात्र वर्ष लागले. यावरून उद्या कोणी तपासणीशिवाय दर आठवड्याला बी-12 चे इंजेक्शन टोचून घेऊ नये. ती टूमही सध्या जोरात आहे.

आता सर्वांत मोठ्या कारणाकडे वळते. 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. गर्भवती नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 च्या खाली आणि पुरुषाचे 13 च्या खाली गेले, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. आमच्या प्रयोगशाळेत 7 आणि 8 हिमोग्लोबिन असलेल्या बायका रांगेत उभ्या राहून, हातातली पिशवी सावरत रक्त देऊन जात, आणि विचारले तर ‘थोडं थकल्यासारखं वाटते’ एवढेच सांगत. हळूहळू उतरणाऱ्या रक्ताची शरीराला सवय होते, म्हणून तक्रार सौम्य आणि आकडा भयंकर अशी स्थिती असते. अंगावरून जास्त जाते, हे त्या स्वतःहून कधीच सांगत नसत. तंत्रज्ञ बाई असली तरच खालच्या आवाजात बोलत. पुरुषाचे किंवा पाळी गेलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन उतरले असेल, तर नुसत्या गोळ्या देऊन भागत नाही. मूळव्याध, जठरातील व्रण, गुडघेदुखीसाठी रोज घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या, आतड्यातील गाठ यांपैकी कुठून रक्त जाते आहे, ते शोधावे लागते.

लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, तरी फायदा होत नाही, अशी तक्रार मी फार ऐकली. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या ताईंनी चार महिने गोळ्या घेतल्या आणि हिमोग्लोबिन जागचे हलले नाही, तेव्हा मी त्यांना गोळी कशासोबत घेता असे विचारले. उत्तर होते, ‘चहासंग, काकू. उपाशीपोटी घेतली तर मळमळते.’ चहातील टॅनिन लोहाला धरून ठेवते आणि ते रक्तात पोचू देत नाही. गोळीच्या आधी-नंतर तासभर चहा टाळून ती लिंबूपाण्यासोबत घेतली, तर तीच गोळी काम करू लागते. (आपल्या तर्री पोह्यांचेही हेच आहे. वर पिळलेले लिंबू तर्रीतल्या हरभऱ्यातील लोह शोषायला मदत करते आणि पाठोपाठ मागवलेला चहा ती मदत बरीचशी वाया घालवतो.) शौच काळी होते म्हणून घाबरून गोळी सोडू नये, आणि आकडा सुधारला म्हणून लगेचही सोडू नये, कारण शरीरातील साठा भरायला त्यानंतरही दोन-तीन महिने लागतात. बीट आणि डाळिंब लाल असल्यामुळे रक्त वाढवतात, ही समजूत रंगावर आधारलेली आहे; दोन्हींत लोह थोडेच असते. हळीव, हरभरा, जवसाची चटणी आणि खाणाऱ्यांसाठी मटण-कलेजी हे पदार्थ त्याहून उपयोगी आहेत. सावजीच्या गावात हे वेगळे सांगायला नको.

विदर्भात आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते, ती म्हणजे सिकलसेल, आई-वडिलांकडून येणारा तांबड्या पेशींचा आजार. सामान्य तांबडी पेशी सुमारे 120 दिवस जगते, सिकलसेल रुग्णाची 10 ते 20 दिवसांत नष्ट होते, त्यामुळे हा रुग्ण सतत थकलेला दिसतो. त्याला लोह आपल्या मनाने देणे धोक्याचे असू शकते, कारण वारंवार रक्त चढवलेल्यांच्या शरीरात लोह आधीच साचलेले असते. उलट, जो ‘एएस’ म्हणजे केवळ वाहक आहे, त्याच्या रोजच्या थकव्याचे कारण सहसा वेगळेच असते, पण एकदा वाहक असल्याचे कार्ड हाती आले की घरचे सगळे खापर त्यावर फोडतात आणि मुलीचे साधे हिमोग्लोबिनसुद्धा पाहिले जात नाही. 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. त्यातील तपासणी लग्नाआधी करून घ्यावी, एवढेच येथे सांगते.

उन्हाबद्दल नागपूरकरांना काय सांगावे? 23 मे 2013 रोजी येथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. (2024 च्या मे अखेरीस रामदासपेठेतील स्वयंचलित केंद्राने 56 अंश दाखवले, तो यंत्राचा दोष निघाला, पण त्या दिवशी आमच्या गल्लीत त्यावर कोणाचाही अविश्वास बसला नव्हता.) दिवसाच्या तापमानाची बातमी होते, थकवा मात्र रात्री तयार होतो. गाढ झोप लागण्यासाठी शरीराचे आतील तापमान थोडे उतरावे लागते आणि तापलेल्या स्लॅबखाली ते उतरत नाही. पूर्वी गच्चीवर पाणी मारून झोपत असू. आता ते राहिले नाही, आणि जूनमध्ये दमटपणा वाढला की कूलरही निरुपयोगी ठरतो. मग दिवसभर चहावर दिवस काढायचा. चहा-कॉफीतील कॅफिन निम्मे व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे संध्याकाळी सहाला घेतलेल्या चहाचा अर्धा परिणाम रात्री अकरालाही शिल्लक असतो. हिंगणा आणि बुटीबोरीच्या कारखान्यांत पाळ्यांमध्ये काम करणाऱ्यांचे हाल याहून जास्त आहेत, त्यांच्यासाठी खोली अंधारी ठेवणे आणि घरच्यांनी दिवसा आवाज न करणे हेही औषधच आहे. पाणी आणि मीठ कमी झाल्यामुळे आलेल्या थकव्याला एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ पुरते. ताक आणि कैरीचे पन्हे आहेच. जो माणूस तोंडाने पिऊ शकतो, त्याला हेच पाणी शिरेतून घेण्याची गरज सहसा पडत नाही. मात्र मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे रुग्ण आणि मधुमेही यांनी आपल्या डॉक्टरांना विचारूनच ते घ्यावे.

जो माणूस मोठ्याने घोरतो, झोपेत मध्येच श्वास थांबल्यासारखा गप्प होतो आणि दुपारी गाडी चालवताना डुलकतो, त्याच्या घरच्यांनी त्याला तपासणीसाठी नेलेच पाहिजे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, कारण नसताना उतरणारे वजन, चालताना छातीत जड होणे यांपैकी काहीही थकव्यासोबत असेल, तर वही लिहीत बसू नये. मरगळ आठवड्यांमागून आठवडे टिकली, तर 14416 या टेलिमानस, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदत क्रमांकावर मराठीतून बोलता येते आणि त्याला पैसे पडत नाहीत.

दुसऱ्या बाजूबद्दलही लिहायला हवे. ‘संपूर्ण शरीर तपासणी, 72 चाचण्या’ असल्या जाहिराती पाहून थकलेली माणसे तीन-चार हजार रुपये घालवतात आणि तीन पानी रिपोर्टमध्ये ठळक अक्षरांतले दोन निरुपद्रवी आकडे पाहून आणखी घाबरतात. ज्या क्षेत्रात आयुष्य गेले, त्याच्याविरुद्ध हे लिहिते आहे याची मला जाणीव आहे. पण बहुतेकांना सुरुवातीला सीबीसी, साखर, टीएसएच आणि डॉक्टरांनी सांगितली तर आणखी एखाददुसरी चाचणी पुरते.

आपल्या दैनिकामार्फत महापालिकेच्या आरोग्य विभागाला आणि शहरातील प्रयोगशाळांना एक विनंती करायची आहे. आपले रिपोर्ट पूर्णपणे इंग्रजीत छापले जातात, त्यामुळे ते पाकिटातून काढले जातात ते थेट डॉक्टरांच्या टेबलावर, आणि पुष्कळदा तेथपर्यंतही पोचत नाहीत. हिमोग्लोबिन 10 च्या खाली असेल, तर रिपोर्टच्या तळाशी मोठ्या मराठी अक्षरांत ‘रक्त कमी आहे, आठवड्याच्या आत डॉक्टरांना दाखवा’ अशी एक ओळ आपोआप छापली जाईल, अशी सोय संगणकात करायला कोणताही खर्च येत नाही. आमच्या प्रयोगशाळेत तशी सोय नव्हती, म्हणून मी काही वर्षे ती ओळ लाल पेनने हाताने लिहीत असे. वरिष्ठांनी नियमाबाहेरचे लिखाण म्हणून ते बंद करायला सांगितले, तेव्हा मी रुग्णाच्या सोबतच्या माणसाला बोलावून तोंडी सांगू लागले, आणि बहुतेक वेळा सोबत कोणीच आलेले नसे.

आपली,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
नागपूर