न विचारलेल्या एका प्रश्नाबद्दल आभार

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

श्रवण तपासणीच्या खोलीबाहेर तुमच्या नावाची पाटी आहे, परंतु तुम्हाला न विचारता ते नाव येथे लिहिणे मला योग्य वाटत नाही. एप्रिलमधल्या त्या दुपारी साडेतीन महिन्यांच्या मुलीला घेऊन आम्ही तुमच्या दारात उभे राहिलो, तेव्हा "इतके दिवस कुठे होतात?" हा प्रश्न ऐकण्याची तयारी मी तुमसरपासून करत आलो होतो. तुम्ही म्हणालात, "आलात ना, बरे झाले. आधी पाणी प्या."

तुम्ही तो प्रश्न विचारला नाहीत, म्हणूनच त्याचे उत्तर देणे मला आवश्यक वाटते. मुलगी नागपुरातच जन्मली. दुसऱ्या दिवशी कानाची तपासणी झाली आणि तिथल्या कर्मचाऱ्याने मान वर न करता "रेफर आले आहे" असे सांगितले. आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यातून पेशंट नागपूरला पाठवला की त्याला रेफर केले म्हणतात; आम्ही तर नागपुरातच होतो, मग आणखी कुठे जायचे, हे मला उमजेना. विचारल्यावर "कानात पाणी असेल, महिन्याभराने दाखवून जा" असे उत्तर मिळाले. त्या यंत्राच्या निकालात रेफर म्हणजे बहिरेपण नव्हे, तर पुन्हा तपासणी हवी, आणि जन्मताना कानात राहिलेल्या स्रावामुळेही तसा निकाल येऊ शकतो, हे मला पुढे तुमच्याकडून कळले. म्हणजे तो माणूस खोटे बोलला नव्हता. त्याने अर्धेच सांगितले, आणि नेमके ते अर्धे, ज्याने काळजी मिटते आणि तारीख विसरली जाते.

तारीख विसरलीच. पत्नी सव्वा महिन्यासाठी म्हणून माहेरी, तुमसरला गेली, तारखेचा कागद लसीकरणाच्या कार्डात घडी होऊन तिच्यासोबत गेला, आणि अर्जावर लिहिलेला मोबाइल माझा होता, जो बुटीबोरीच्या कारखान्यात पाळी संपेपर्यंत लॉकरमध्ये असतो. तिकडे सासूबाई रोज थाळी वाजवून पाहत आणि मुलगी रोज दचके. शिवाय दोन्ही घराण्यांत कोणी बहिरे नाही, हा सर्वांचा मोठा आधार होता. (जन्मतः कमी ऐकू येणाऱ्या बहुतेक मुलांचे आईवडील उत्तम ऐकू येणारेच असतात, हे तेव्हा कोणी सांगितले असते तर!) कुठल्यातरी रजिस्टरमध्ये आमच्यापुढे 'पालक आले नाहीत' अशी नोंद असेल. ती चुकीची नाही. पण ती करणाऱ्यांनी एकदाही फोन केला नव्हता. तुम्ही तीनदा केलात, आणि मी उचलत नाही असे पाहून चौथा रात्री आठनंतर, स्वतःच्या घरून केलात.

तरीही या साऱ्यापेक्षा मला सासूबाईंच्या मांडीची गोष्ट अधिक आठवते. आवाज कानातून मेंदूपर्यंत पोचतो का हे पाहणाऱ्या बेरा चाचणीला बाळ शांत झोपलेले लागते आणि आमची मुलगी गाडीत झोप काढून टक्क जागी होती. तुम्ही दुसरी तारीख देऊ शकला असता. मग पुन्हा तुमसर, पुन्हा माझी रजा, पुन्हा ते ऊन. खरे सांगतो, आम्ही परत आलो असतो की नाही, याची मला खात्री नाही. तुम्ही आमचा नंबर शेवटी घेतलात, दिवे मालवलेत, आणि कोपऱ्यात "पोरगी चांगली ऐकते" असे पुटपुटत बसलेल्या सासूबाईंना म्हणालात, "आजी, तिला तुमच्या मांडीची सवय आहे, तुम्हीच थोपटा. थाळी मोठी वाजते, तिचा हादराही बसतो. तुम्ही हळू आवाजात बोलता ते तिच्यापर्यंत पोचते का, एवढेच आपण पाहू." कपाळावर आणि कानामागे तारा चिकटवलेली नात तासभर त्यांच्या मांडीवर झोपली होती. जी बाई या चाचणीच्या सर्वांत विरोधात होती, तिलाच तुम्ही चाचणीत सामील करून घेतलेत. त्यामुळे दोन्ही कानांना मध्यम ते तीव्र श्रवणदोष असल्याचे तुम्ही सांगितले, तेव्हा पत्नी रडली, मी गप्प झालो, आणि "मशीन कधी लावायची?" हे सासूबाईंनी विचारले.

पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचार, असे १, ३, ६ हे आकडे तुम्ही कागदावर लिहून दिले होते. मधला आकडा आमचा हुकला. शेवटचा तुमच्यामुळे साधला. बहिरेपणा रोखण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ पासून आहे, तपासणीची यंत्रेही पुष्कळ ठिकाणी पोचली आहेत. मात्र न आलेल्या माणसाला गुन्हेगार न मानता त्याची वाट पाहणे, हे कुठल्या योजनेतून येते, मला ठाऊक नाही. बहुधा ते माणसाच्या घरूनच येत असावे.

मुलगी आता वर्षाची झाली आहे. कान वाढल्यामुळे श्रवणयंत्राचे कानात बसणारे साचे तिला पुन्हा लहान पडू लागले असून यंत्र शिट्टी मारते. ते बदलायची तारीख नागपूरच्या आणि तुमसरच्या, दोन्ही घरांतल्या कॅलेंडरवर लिहिली आहे. तुमसरची सासूबाईंनी स्वतः लिहिली. त्याही येणार आहेत.

आपला नम्र,
एक पिता, नागपूर